वॉशिंग मशीनचं गाव

"तुमच्या यादीत आमचं गाव कितव्या नंबरवर होतं?"

हा प्रश्न माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे तोंड माझं होतं, इंग्रजी माझं होतं, भर सभागृहात उभी राहिले तीही मीच. पण प्रश्न काढला झेम्फिराने. आम्ही तिघी तलावाच्या बर्फावर दप्तरांवर बसून घसरत होतो (सोळा-सोळा वर्षांच्या घोड्या, असं आई म्हणते) आणि झेम्फिरा म्हणाली, "ग्लाशा, तू आजकाल इंग्रजीची राणी झालीयेस ना? मग विचार त्या अमेरिकनांना. बॉम्ब टाकायच्या गावांची यादी केली असणारच त्यांनी. आपण कितवे?"

"पहिल्या दहात तरी असूच," दिना म्हणाली. जरा अभिमानानेच म्हणाली.

"विचारलंस तर आमच्या आजीच्या हातचा चक-चक महिनाभर," झेम्फिरा म्हणाली. " नाही विचारलंस तर घाबरट."

तळलेल्या पिठाचे ते मधात घोळलेले तुकडे झेम्फिराची तातार आजी असे काही करते की माणूस त्यासाठी देश विकेल. पण चक-चक नसता तरी मी हो म्हटलं असतं. त्या हिवाळ्यात मला अशक्य असं काही वाटतच नव्हतं. नोव्हेंबरपर्यंत मी शेवटच्या बाकावरची, उंची लपवायला वाकून चालणारी ग्लाफिरा (घरच्यांची, मैत्रिणींची ग्लाशा) होते. पणजीचं नाव ठेवलं म्हणून पोरं मला "आजीबाई" म्हणायची. मग जिल्ह्याच्या इंग्रजी स्पर्धेत पहिली आले आणि एका दिवसात माझी पाठ सरळ झाली.

आता आमच्या गावाचं. काम्स्की यारमध्ये एक तलाव आहे, एक कारखाना आहे आणि एक खोटं आहे. खोटं असं की कारखान्यात वॉशिंग मशीन बनतात. थोडी बनतातही, एका कोपऱ्यातल्या विभागात. पण बालवाडीत आम्हाला हात धुवायच्या आधी हे शिकवलं जायचं: बाबा काय करतात असं कुणी विचारलं तर म्हणायचं, वॉशिंग मशीन बनवतात. तीस मुलं, तीसही जणांचे बाबा वॉशिंग मशीन बनवायचे. तरी आमच्या घरी आई अजून न्हाणीघरात वाकून चादरी घासते. मशीनच्या प्रतीक्षा यादीत आमचा नंबर सहा वर्षांपूर्वी दोनशे चौदा होता. आता किती आहे ते कुणी सांगत नाही.

माझे बाबा, रोदिओन वाख्रुशेव, क्षेपणास्त्रांच्या जोडणी विभागात आहेत. शेवटचं झाकण बसवतात. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा कागदावर लिहितेय. 

आणि गेल्या उन्हाळ्यात करार लागू झाला. आमच्या आणि अमेरिकनांच्या, दोन्ही देशांनी मधल्या पल्ल्याची क्षेपणास्त्रं मोडायची, आणि ती पुन्हा कुणी बनवत नाही ना ते बघायला एकमेकांच्या दारात माणसं बसवायची. आमची माणसं तिकडे गेली, त्यांची तीस इकडे आली. आमच्या फाटकाबाहेर त्यांची चौकी. ठरावीक मापाहून लांब डबा बाहेर निघाला की ते येतात, मोजपट्टी लावतात, सही करतात. आमच्या कारखान्याचं नाव करारात छापलंय, वर्तमानपत्रातही आलं. आणि बालवाडीत अजूनही वॉशिंग मशीनच शिकवतात.

फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी दुपारी सांस्कृतिक भवनात "मैत्रीची भेट" होती. प्रश्न आठवडाभर आधी चिठ्ठ्यांवर घेऊन तपासलेले. माझी चिठ्ठी मंजूर झाली होती: तुम्हाला आमचा तलाव आवडला का? आमच्या इंग्रजीच्या इरायदाबाई पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघत हसत होत्या. बिचाऱ्या.

मंचावर चौकीवरच्या अमेरिकनांपैकी मिस्टर प्रूइट बसले होते. साठीचे, लांब हातांचे, कानांवर केस असलेले. मी उभी राहिले आणि तलावाऐवजी झेम्फिराचा प्रश्न इंग्रजीत विचारला.

सभागृहात कुणाला कळलं नाही. इरायदाबाईंना कळलं, त्यांचा हात छातीवर गेला. मॉस्कोहून आलेल्या दुभाष्याला कळलं. तो चष्मा पुसायला लागला. मिस्टर प्रूइट पुढे वाकले आणि त्यांनी मला विचारलं, "मुली, तुझे वडील काय करतात?"

आणि मी, जिल्ह्यात पहिली आलेली, बापाची क्षेपणास्त्रं मोजायला सात समुद्र ओलांडून आलेल्या माणसाच्या तोंडावर म्हणाले, "वॉशिंग मशीन बनवतात."

विचार करून नाही म्हणाले हो! शिंक यावी तसं आलं.

ते इतके हसले की बाकीचे अमेरिकनही हसले, आणि काही न कळताही आमचे लोक सौजन्याने हसले. मग त्यांचं हसू ओसरलं. म्हणाले, "छान मशीन असणार. तुमच्या त्या छपराचे वरून काढलेले फोटो आम्हाला पाठ आहेत." आणि मग, हळू: "तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. मी चार वर्षं जमिनीखाली एका खोलीत बसायचो, क्षेपणास्त्र सोडायची किल्ली गळ्यात घालून. आमच्याकडच्या कागदावर गावांची नावं नसायची, नुसते आकडे. माझ्या आकड्याचं गाव कोणतं ते कधी कळलं नाही. तिथे शाळा नसावी, एवढंच वाटायचं. तुझं असेल. नसेलही. हेच तुझ्या वडिलांनाही विचारून बघ कधीतरी."

दुभाष्याने चष्मा चढवला आणि माइकमध्ये म्हणाला, "मिस्टर प्रूइट म्हणतात, त्यांना आपला तलाव अतिशय आवडला."

टाळ्या पडल्या.

मी बसायला हवं होतं. झेम्फिरा मागून माझा स्कर्ट ओढत होती, "बस ना ए, जिंकलीस तू, बस!" पण मी बसले नाही. चार वर्षं गळ्यात किल्ली घालून बसलेला माणूस सगळ्यांसमोर शेवटी बोलला, आणि त्याच्या तोंडात तलाव कोंबला! मी आमच्या भाषेत मोठ्याने म्हणाले, "नाही. असं नाही म्हणाले ते." आणि ते जे म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं. शेवटचं वाक्यसुद्धा.

ह्या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. पाचशे माणसांच्या खुर्च्या करकरल्या फक्त.

सोमवारी सकाळी दहा वाजता बाबा घरी आले. मला सर्दी होती म्हणून मी घरात होते. कामाच्या दिवशी बाबांना सकाळी दहाला घरात मी कधी पाहिलंच नव्हतं. सकाळच्या उजेडात ते वेगळेच दिसले, थोडे लहान. त्यांनी टोपी खुंटीला लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली.

"पास ठेवून घेतला फाटकावर," ते म्हणाले. "तपासणीसाठी."

आई बेकरीतून दुपारी आली आणि तिला कळलं. "जिभेला हाड नाही तुझ्या! एकवीस वर्षं ह्या माणसाने दारूच्या नशेतसुद्धा एक शब्द बाहेर काढला नाही. आणि तू माइकशिवाय पाचशे जणांना ऐकवलंस!"

"अगं, पण मी त्यांचं बोलणं सांगितलं. बाबांचं कुठे काय सांगितलं?"

"'वडिलांना विचार' म्हणाला ना तो? म्हणजे वडिलांना काहीतरी माहीत आहे, असंच ना?"

"ताइसिया, पुरे," बाबा म्हणाले. एवढंच. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी एका दिवसात घरातलं सगळं दुरुस्त केलं. नळ, कपाटाची बिजागरी, शेजारणीची इस्त्री. एक सुरी इतकी धारदार केली की आईने ब्रेड कापताना खालची फळीसुद्धा कापली. मग दुरुस्त करायला काही उरलं नाही, तेव्हा खोलीभर येरझाऱ्या. मी माझ्या खोलीत, ते त्यांच्या. मध्ये पातळ भिंत. त्यांचे पाय थांबले की माझे सुरू व्हायचे.

मंगळवारी दुपारी ते बर्फात भोक पाडून मासे धरायला तलावावर गेले. मी मागोमाग गेले, चहाचा थर्मास घेऊन. तलावापलीकडे कारखान्याची चिमणी धूर सोडत होती, आणि ते तिच्याकडे पाठ करून बसले होते.

"बाबा," मी म्हटलं, "तुमच्याकडे होते का पत्ते, कोणत्या गावांवर पडणार त्याचे?"

ते दोरीकडे बघत राहिले. "आम्ही पाकीट बंद करायचो. पत्ता लिहिणारे वेगळे."

"कधी वाटलं नाही, कुठे जाणार ते?"

"वाटून काय करतेस? तुला वाटलं, आणि बघ, भर मंगळवारी मी मासे धरतोय." मग हसले थोडे. म्हणाले, "तू पहिलीत गेलीस ना, त्या दिवशी पाळी सोडून मला शाळेत येता आलं नाही. केसांत पांढऱ्या फिती बांधून गेलीस म्हणून आईने सांगितलं. तेव्हा मी एका झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तुझं नाव लिहिलं. ग्लाशा. आणि बसवलं झाकण."

माझ्या हातातला थर्मास बर्फावर कलंडला.

"मग? ते कुठे गेलं?"

"मोडलं असेल गेल्या उन्हाळ्यात. करारात. नाहीतर अजून असेल कुठेतरी, मोडायच्या रांगेत." त्यांनी दोरी हलवून पाहिली. "कुणाला सांगू नकोस हां."

मी चिमणीकडे बघत राहिले. दहा वर्षं कुठल्यातरी आकड्याच्या गावाकडे तोंड करून माझं नाव उभं होतं. त्या गावात शाळा होती का? तिथे कुणी पहिलीत जात होतं का, फिती बांधून?

बुधवारी मला कपितोन साव्विचनी बोलावलं. फाटकाजवळच्या पिवळ्या इमारतीत ते बसतात; कुणाला पास द्यायचा, कुणाचा काढायचा, ते ठरवतात. मला वाटलं होतं दिव्याचा झोत वगैरे असेल. तर त्यांनी चहा दिला, चॉकलेटं पुढे केली, आणि खिडकीतली जिरॅनियमची कुंडी माझ्या तोंडासमोर येत होती म्हणून सरकवलीसुद्धा.

"ये पोरी, बस. छान इंग्रजी आहे तुझं. तो मॉस्कोचा दुभाष्या अजून झोपत नाही म्हणे."

"माझ्या बाबांचा काही दोष नाही," मी म्हटलं. "प्रश्न माझा होता."

"कुणी सुचवला?"

"माझा होता." झेम्फिराचे वडीलही जोडणीतच आहेत.

"बरं, तुझा." त्यांनी खण उघडला आणि बाबांचा पास टेबलावर ठेवला. फोटोतल्या बाबांचे कान मोठे होते, मी जन्मायच्या आधीचे बाबा. "हे बघ, मी काही राक्षस नाही. तीस वर्षं मला पगार मिळाला तो परदेशी माणूस ह्या गावाच्या दोनशे किलोमीटर आत येऊ नये म्हणून. आणि काल ब्रेडच्या रांगेत एक अमेरिकन माझ्या पुढे उभा. 'गुड मॉर्निंग' म्हणाला मला! मी काय करायचं, सांग तूच."

"तुम्हीही म्हणायचं, गुड मॉर्निंग."

ते हसले. खरंच हसले, आणि मग एकदम थांबले. "अमेरिकनांनी विचारलंय, पुढच्या आठवड्यापासून दर शनिवारी संध्याकाळी गावातली पोरं इंग्रजी बोलायला येतील का त्यांच्याकडे. तू जा. गप्पा मार. दर सोमवारी माझ्याकडे ये, चहा पी, कोण काय बोललं ते सांग. कुणाला घरची आठवण येते, कोण पितो, कोण कुणावर चिडलाय. एवढंच. गप्पाच तर आहेत."

"आणि पास?"

"तू हो म्हटलंस की त्याच दिवशी संध्याकाळच्या पाळीला तुझे बाबा फाटकातून आत."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर वॉशिंग मशीनच्या विभागात. तिथे माणसं हवीच आहेत आता. क्षेपणास्त्रं कमी, मशीन जास्त, असा वरून हुकूम आलाय. तिथे हा पास लागत नाही." पास त्यांनी पुन्हा खणात टाकला. "हो की नाही, ते ह्या सोमवारी सांग."

आमच्या गावात हे काय असतं ते मी कसं समजावू? जोडणीतल्या माणसाला वॉशिंग मशीनमध्ये पाठवणं म्हणजे शल्यविशारदाला म्हणायचं, उद्यापासून भाजी चिर.

त्या दिवसापासून मी जागेवर बसू शकले नाही. वर्गात पाय हलत होता, बाक हलत होतं, पुढच्या बाकावरची दिना ओरडली, "अगं ट्रॅक्टर आहेस का?" मधल्या सुट्टीत झेम्फिराने चक-चकचा डबा पुढे केला आणि मी खाल्ला नाही, तेव्हा दोघी घाबरल्या. मी सगळं सांगितलं.

"मग हो म्हण की!" झेम्फिरा म्हणाली. "जा, मजा कर, आणि सोमवारी काहीही फेकून दे. आज प्रूइटने तीन बटाटे खाल्ले. आज त्याला शिंक आली."

हे मला पटलं. खरंच पटलं! बटाट्याने कुणाचं काय वाईट होतं? बाबा आत जातात, मी इंग्रजी बोलते, कपितोन साव्विच खूश. शुक्रवारी रात्री मी शांत झोपले, त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

शनिवारी सकाळी आईने आंबट साय आणायला पाठवलं. दुकानात रांग होती, आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले ते मिस्टर प्रूइट.

"तलाव कसा आहे?" त्यांनी आमच्या भाषेत विचारलं. उच्चार इतका भयानक होता की मला हसू फुटलं.

"गोठलाय," मी म्हटलं.

मग इंग्रजीत म्हणाले, "मी तुला अडचणीत टाकलं का? शेवटचं वाक्य बोलायला नको होतं मी. पण विचारलंस का वडिलांना?"

विचारलं होतं! जगातली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या जिभेवर होती: पेन्सिल, झाकण, पांढऱ्या फिती. हा एकच माणूस होता ज्याला ती पूर्ण कळली असती. त्याच्या आकड्याला नाव नव्हतं आणि माझ्या नावाला आकडा नव्हता. आणि नेमकं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्याकडे बघतेय कशी. डाव्या हातमोज्याला भोक. दोन ब्रेड. डोळे लाल, झोप झाली नसावी, घरची आठवण येत असावी. मी यादी करत होते. सोमवारची यादी, अजून हो म्हटलंही नव्हतं तरी. आणि त्या यादीत बटाटे नव्हतेच. ते मला साधं काहीतरी विचारत होते, आणि मी मनात लिहून घेत होते.

 "आई वाट बघतेय," म्हणाले आणि साय न घेताच पळाले.

घरी टेबलावर पेल्मेनी, म्हणजे खिमा भरलेल्या छोट्या करंज्या, चालल्या होत्या. दर शनिवारी आमच्याकडे आई पीठ लाटते, बाबा वाटीने गोल पाडतात, मी सारण भरून मुडपते. आठवडाभराच्या खिडकीबाहेर टांगून गोठवायच्या. बाबांचे गोल एकसारखे, एक मिलिमीटरचा फरक नाही. ते इतके मन लावून पाडत होते की मला ते बघवेना.

"साय?" आईने विचारलं.

"विसरले."

"साय आणायला गेलीस आणि साय विसरलीस?"

"ताइसिया, बसू दे तिला."

मी बसले नाही. कोट तसाच अंगावर, बुटांवरचा बर्फ फरशीवर वितळतोय, आणि मी उभी. पाठ सरळ. सभागृहातली पाचशे माणसं आता नव्हती, दोनच होती, आणि ती पाचशेंपेक्षा जड होती. मी कपितोन साव्विचचा चहा सांगितला, खण सांगितला, फोटोतले मोठे कान सांगितले. आईच्या हातातलं लाटणं थांबलं. बाबांच्या हातातली वाटी पिठात अर्धी रुतून राहिली.

"म्हणजे तू हो म्हटलंस तर पास..." आई म्हणाली आणि बाबांकडे बघायला लागली. बाबा पिठाकडे.

"मी सोमवारी जाणार आहे पिवळ्या इमारतीत," मी म्हणाले, "आणि नाही म्हणून सांगणार आहे. बाबा, तुमचा पास माझ्यामुळे गेला आणि माझ्यामुळेच परत येणार नाहीये. चिडायचं असेल तर आत्ता चिडून घ्या. शनिवारच्या गप्पांना मी जाणार, पण तिथलं बोलणं तिथेच राहील. आणि जूनमध्ये कारखान्याच्या तंत्रशाळेत नाव नाही घालणार. मी पेर्म शहरात जाऊन, शिकून दुभाषी होणार. ह्यांचं त्यांना आणि त्यांचं ह्यांना, जसंच्या तसं, तलाव-बिलाव मध्ये न घालता. झाकणाची गोष्ट मी कुणाला सांगणार नाही, ती तुमची आहे. आणि आई, तू अशी बघू नकोस. वॉशिंग मशीनच्या यादीत आपला नंबर कितवा आहे, ते आता बाबांना आतूनच विचारता येईल."